चुकीच्या पाकिटात गेलेला प्रबंध

विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध जमा झाला की तो थेट परीक्षकाकडे जात नाही. मधे एक टेबल लागतं, आणि त्या टेबलामागे मी एकोणीस वर्षं बसले. चार प्रती मोजून घ्यायच्या, पानं उलटसुलट लागलेली नाहीत ना ते पाहायचं, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, नक्कल नसल्याचा दाखला, अशा एकेका गोष्टीपुढे खूण करायची. परीक्षकांचा होकार आला की प्रत पाठवायची. आता बहुतेकांना पीडीएफ जाते. पण निवृत्त झालेले काही प्राध्यापक अजून छापील प्रतच मागतात. त्यांच्यासाठी खाकी पाकिटं, डिंक आणि सील करायची लाख आमच्या कपाटात अजून आहे.

या कामात वाचणं येत नाही. पोस्टमनने पत्रं वाचायची नसतात, तसंच ते. मी मात्र वाचायचे.

माझं स्वतःचं शिक्षण बी.ए.पर्यंत, इतिहास घेऊन, सेकंड क्लास. वडील दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात होते, आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. एम.ए. करायचं मनात होतं, पण नोकरीची जाहिरात आधी आली. त्याचं फार दुःख करत बसले असं नाही. या टेबलावर बदली झाली तेव्हा पहिल्याच महिन्यात एका प्रबंधाची पानं तपासताना दोन ओळी वाचल्या, मग ते पान वाचलं, मग पुढचं. जुन्या दिल्लीतल्या इमारतींच्या चुन्यावर होता तो. चुन्यात गूळ घालत, उडदाची डाळ घालत, बेलफळाचा चीक घालत. मी तोंडात घास तसाच धरून वाचत राहिले. आपल्या घरी उडदाची डाळ डोशाला भिजवतात, इथे तिच्यावर घुमट उभे आहेत.

तेव्हापासून एक वाजता डबा उघडायचा आणि शेजारी प्रबंध उघडायचा, असा माझा नेम झाला. प्रबंध मी नेहमी मागून वाचायचे. सुरुवातीची प्रकरणं म्हणजे आपल्या आधी कोणकोण काय म्हणून गेलं याची यादी असते, त्यात राम नसतो. शेवटच्या प्रकरणात माणूस स्वतः बोलायला लागतो. ते झालं की आभाराचं पान. तिथे तर हमखास खरं कळतं. गणिताचा एक प्रबंध आला होता, इनमीन एकसष्ट पानांचा. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आभारात त्याने लिहिलं होतं की चौथ्या वर्षी सगळं चुकीचं आहे असं लक्षात आलं तेव्हा आईने काही विचारलं नाही. त्याबद्दल आईचे आभार.

शेळ्यांच्या जाती, कोर्टात चाललेली सामाईक भिंतींची भांडणं, बहिऱ्या आईबापांची ऐकू येणारी मुलं बोलायला कशी शिकतात, वसतिगृहाच्या टाकीतलं शेवाळ, चौकात रिक्षावाले हाताने काय काय खुणा करतात ते. एकाच कपाटात, एकमेकांना टेकून. यातल्या एकाही माणसाला दुसऱ्याचं काम माहीत नसायचं. वनस्पतीशास्त्राची इमारत आमच्या उजव्या हाताला आणि भाषांची डाव्या. दोघांना जोडणारा कॅन्टीनचा समोसा तेवढा. मला वाटायचं, हे सगळं वाचणारी आख्ख्या विद्यापीठात मी एकटीच आहे. याचा मला गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घरी मात्र या विद्वत्तेची किंमत शून्य. करोल बागेतल्या आमच्या घरी जेवताना मी काही सांगायला लागले की नवरा म्हणायचा, "झालं सुरू. एक ना धड भाराभर चिंध्या." मुलगी गुडगावात एका कंपनीत आहे, ती शनिवारी घरी यायची. तिचं तर, "आई, प्लीज यार, आज शेळ्या नको," असं आल्या आल्याच असायचं.

या वाचण्याला मी एक नियम घालून घेतला होता. एका वेळी एकच प्रबंध बाहेर काढायचा. तो पाकिटात जाईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. अठरा वर्षं हा नियम मी पाळला.

एक मुलगी प्रबंध जमा करायला आली ती एप्रिल संपता संपता. मुलगी म्हणते, पण बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. बुंदेलखंडातल्या एका लहान गावची. चारही प्रती कापडी पिशवीत घालून, पिशवी कडेवर घेतल्यासारखी धरून आणली होती. विषय होता बायकांच्या शोकगीतांचा. माणसांसाठी म्हणतात ती नाहीत. तिच्या भागात घरचं जनावर मेलं की बायका रडत रडत जी गाणी म्हणतात, ती तिने सहा वर्षं गावोगाव फिरून जमवली होती.

माझ्या खुणा करून होईपर्यंत ती उभीच राहिली. मग म्हणाली, "मॅडमजी, एक विचारू?" आमचं बोलणं हिंदीत झालं, मी इथे मराठीत लिहिते आहे. तिच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात तिची निवड झाली होती, असिस्टंट प्रोफेसर म्हणून, कायम जागेवर. अट एकच होती. एकतीस जुलैपर्यंत पीएचडी झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र दाखवायचं, नाहीतर प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस. घरात शिकलेली ती पहिलीच. वडील वारले होते, आई भावाकडे राहत होती, आणि ही नोकरी लागली की आईला आपल्याकडे आणणार होती.

"होईल ना एकतीस जुलैपर्यंत?" तिने विचारलं.

मी कॅलेंडर पुढे ओढून तिला मोजून दाखवलं. परीक्षकांचा होकार यायला दहा दिवस, वाचायला महिना-सव्वा महिना, मग तोंडी परीक्षा, तिची नोटीस सात दिवस आधी, आणि तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळं आटोपेल. "बिल्कुल होईल," मी म्हणाले. तिने माझ्या कॅलेंडरचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तिच्या दोन परीक्षकांपैकी एकांना पीडीएफ चालत होती. दुसऱ्या बाई कोलकात्याच्या, लोकसाहित्यातल्या मोठ्या नावाच्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, जूनच्या मध्यापासून वाचायला घेईन आणि छापील प्रतच हवी, असं त्यांनी कळवलं होतं. त्याच दिवशी आणखी एक छापील प्रत धारवाडला जायची होती, प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना. तो प्रबंध घुबडांवरचा. घुबड उंदीर गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकून टाकतं. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूच्या रिजवर, म्हणजे जंगलाच्या टेकडीवर, आणि पडक्या इमारतींत हिंडून अशा गोळ्या गोळा करायच्या, त्या फोडायच्या आणि घुबडाने काय खाल्लं ते शोधायचं, असं त्या पोराने पाच वर्षं केलं होतं. त्याला नोकरी आधीच होती, घाई काही नव्हती.

त्या दिवशी घुबडं माझी सव्वाएकलाच वाचून झाली. पोळीभाजी उरली होती. दुसरं पाकीट समोरच होतं, पत्ता लिहिलेलं, तोंड उघडं. मी नियम मोडला.

शोकगीतांच्या शेवटच्या प्रकरणात तिने एका म्हातारीचं गाणं दिलं होतं. म्हैस मेलेली आहे आणि म्हातारी तिला विचारते, आता पहाटे मला हाक मारून उठवणार कोण? मग ती गिधाडांशी बोलते. तिच्या पायांना आधी चोच लावू नका, ती लांबून चालत आली आहे. मी डब्यावर वाकून रडायला लागले. माझ्या घरात कधी म्हैस नव्हती, मी म्हशीला हात लावलेला नाही. पण रडू आलं ते आलं. तेवढ्यात आमच्या डेप्युटी रजिस्ट्रार साहेबांनी आत बोलावलं. डोळे पुसून गेले, अर्ध्या तासाने परत आले, तर पोस्टाची गाडी खाली येऊन उभी. दोन्ही प्रबंध एकाच मरून रंगाच्या रेक्झिनचे, आणि मागून वाचत असल्यामुळे दोन्ही टेबलावर पालथे. मी ते तसेच पालथे उचलून पाकिटात सरकवले, डिंक लावला, लाख लावली, शिक्का मारला.

धारवाडचा फोन आला तो जूनच्या मध्यावर, एका सोमवारी. "तुम्ही मराठी काय ओ? पाकिटावरच्या सहीवरून वाटलं," म्हातारा आवाज म्हणाला. मी हो म्हणाले. "बरं झालं. मग मराठीतच सांगतो. मी जन्मभर बेडूक, पक्षी, घुबडं बघितली, आणि तुम्ही मला बायकांच्या गाण्यांचा प्रबंध पाठविलाय बघा."

मी विचारलं, पाकीट आधी का नाही उघडलं? ते म्हणाले, पोचलं त्याच दिवशी उघडलं. "पहिल्या पानावरच कळलं की हे माझं नव्हे. पण दोन पानं वाचली, मग सोडवेना. सगळं वाचलं. दोनदा." तीन आठवडे तो प्रबंध त्यांच्याकडे होता आणि ते चष्मा पुसून पुसून तो वाचत होते. त्यांच्यावर रागवायला मी कोण? हा रोग माझाच होता.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. प्रबंधात गाण्यांपुढे गाणारीचं वय दिलेलं होतं. ज्या बायका साठीच्या पुढच्या, त्यांच्या प्रत्येक गाण्यात गिधाडं होती. ज्या तिशी-पस्तिशीच्या, त्यांच्या गाण्यांत कुत्री होती, कावळे होते, नगरपालिकेचा ट्रॅक्टरसुद्धा होता, गिधाड एकही नव्हतं. "देशातली गिधाडं संपत गेली हे आम्ही मोजून सांगतो. इथं बायकांनी न मोजता सांगितलंय. आणि पोरीनं त्यावर एक ओळ लिहिली नाही. तिला सांगा की."

एरवी मी हे ऐकून हरखले असते. त्या क्षणी मला फक्त एकतीस जुलै दिसत होता. तिचा प्रबंध धारवाडला होता, याचा अर्थ घुबडं कोलकात्याला होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला अवघड जातं आहे, म्हणून सरळ लिहून टाकते. प्रत्येक प्रबंधाची एक जादा प्रत आमच्या कपाटात असते. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. ती प्रत काढून त्याच दिवशी कोलकात्याला पाठवली असती तर शनिवारच्या आत बाईंच्या हातात पडली असती. पण जादा प्रत काढायची तर फाइलवर नोटिंग लागतं. कारण लिहावं लागतं, डेप्युटी साहेबांची सही घ्यावी लागते. कारण काय लिहू? जेवताना वाचत होते, वाचताना रडले, आणि रडून झाल्यावर चुकीच्या पाकिटात घातला? माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एकोणीस वर्षांत एक मेमो नव्हता.

मी प्राध्यापकांना म्हणाले, "सर, तुम्ही तेवढी प्रत माझ्या नावाने परत पाठवाल का? कार्यालयाला कळवायची गरज नाही. मी बघते." त्यांनी माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "बघा, तुम्हाला बरं वाटंल तसं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं. प्रत परत येईल, मी ती गुपचूप कोलकात्याला पाठवेन, सोबत चिठ्ठी टाकेन की आधीचं पाकीट कृपया न उघडता परत करावं. दोघी बायकाच आहोत, त्या समजून घेतील. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न होता.

चार-पाच दिवसांचे अकरा झाले. प्राध्यापक एकटे राहत होते, पोस्टात जायला कोणी मिळेपर्यंत पाकीट त्यांच्या टेबलावर राहिलं. मी रोज टपाल आलं की आधी उठून बघायचे. चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी साधं "काय चाललंय?" विचारलं तरी माझ्या हातातलं पेन खाली पडायचं. या अकरा दिवसांत त्या मुलीचा दोनदा फोन आला. एकदा तिने विचारलं, दुसरा अहवाल आला का? मी म्हणाले, "परीक्षक वाचताहेत." दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही, नुसतं म्हणाली की आईने सामान बांधायला घेतलं आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, चिरायची थांबला. "अगं, नोटिंग लिही आणि मोकळी हो. मेमो आला तर आला. फ्रेम करून लावू." मी म्हणाले, तुला काय कळतं आमच्या ऑफिसातलं. तो पुन्हा भाजी चिरायला लागला. त्याचं ऐकलं असतं तर सात दिवस तरी वाचले असते, हे त्याने नंतर एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळे ते मला जास्तच लागतं.

धारवाडचं पाकीट एका शुक्रवारी आलं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, सोमवारी सकाळी पोस्टात टाकायचं ठरवून. सोमवारी दहा वाजता साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या फोनवर कोलकात्याच्या बाई होत्या, आणि फोन स्पीकरवर होता.

बाईंचा डोळा बरा झाला होता. पाकीट आल्यापासून तसंच ठेवलं होतं, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शनिवारी हौसेने उघडलं, तर आत घुबडांच्या ओकाऱ्या. त्या चिडल्या होत्या, आणि चिडणं रास्त होतं. माझ्याकडे शनिवारपासून परवापर्यंतचे दिवस मोकळे होते, त्या म्हणाल्या. चूक तुम्हाला आधी कळली असती तर तेवढ्यात मी प्रबंध वाचून संपवला असता. आता मी परवा बहिणीकडे जाते आहे, परत येईन ती पंधरा जुलैला. त्यानंतर बघू.

चूक आम्हाला आधी कळली होती. अकरा नाही, आता चौदा दिवस झाले होते. फोन ठेवल्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगितलं. डब्यापासून ड्रॉवरपर्यंत. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, मैं उसी दिन साइन कर देता."

जादा प्रत त्या दिवशीच गेली, नोटिंगसकट. नोटिंग मी लिहिलं, चार ओळींचं, दोन मिनिटांत. ज्याची चौदा दिवस धास्ती घेतली ते काम दोन मिनिटांचं होतं. मग मी तिच्या कॉलेजला पत्र लिहायला बसले, मुदत वाढवून द्यावी म्हणून. साहेब म्हणाले, "प्रशासकीय कारण" एवढं लिहा, पुरे. मी ते ऐकलं नाही. उमेदवाराचा यात काहीही दोष नाही, प्रबंध माझ्या हातून चुकीच्या परीक्षकाकडे गेला आणि ते कळूनही मी वेळेवर कळवलं नाही, असं लिहिलं. साहेबांनी वाचून सही केली.

तिला फोनही मीच केला. ती रागावेल, रडेल, अशी मी तयारी केली होती. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं?" मी तारीख सांगितली. तिने ती तारीख एकदा उच्चारून पाहिली आणि फोन ठेवला.

कोलकात्याच्या बाईंनी परत आल्या आल्या वाचायला घेतलं, हे त्यांचं मोठेपण. अहवाल सत्तावीस जुलैला आला, आणि फार चांगला आला. तोंडी परीक्षेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते, ती अट विद्यापीठाच्या नियमात आहे आणि ती कुणाच्या सहीने सुटत नाही. साहेब दोन मजले वर जाऊन विचारून आले, त्यांच्यापरीने भांडूनही आले. तोंडी परीक्षा ऑगस्टच्या चार तारखेला झाली, प्रमाणपत्र पाचला निघालं. कॉलेजचं उत्तर त्याआधीच आलं होतं, एका ओळीचं, सभ्य. विद्यापीठाची अडचण समजते, तथापि प्रतीक्षा यादीतील उमेदवार एक ऑगस्टला रुजू झाले आहेत.

पाच दिवसांनी हुकलं. मी किती वेळा ते मोजलं असेल. चौदामधून पाच गेले तर नऊ उरतात, म्हणजे मी नऊ दिवस घाबरले असते तरी चाललं असतं, असलाही हिशोब करून झाला.

मला मेमो मिळाला आणि त्या टेबलावरून माझी बदली झाली, तळमजल्यावर प्रमाणपत्रांच्या खिडकीवर. शिक्षा म्हणून ती फारच हलकी होती. खिडकीवर वाचायला काही नसतं. नाव, नोंदणी क्रमांक, पाकीट, सही. पहिले काही आठवडे एक वाजला की माझा हात आपोआप शेजारी जायचा आणि तिथे शाईचा पॅड असायचा. एकदा जेवताना मी घरी नुसतीच गप्प बसले होते, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, सांग ना काहीतरी. शेळ्यांचं पण चालेल." माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर ती आपलं पदवीचं प्रमाणपत्र न्यायला आली. रांगेत होती तेव्हाच मी ओळखलं. तिचा नंबर आला तेव्हा तिनेही मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी विचारलं, सध्या काय करता? नोएडाच्या एका खासगी कॉलेजात तासिकेवर शिकवते, ती म्हणाली. आई अजून भावाकडेच होती.

माझं चुकलं, असं मी म्हणाले. आधी फोनवर म्हटलं होतं, पत्रात लिहिलं होतं, आता समोर म्हटलं. तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं अशी.

तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव. मला वाटलं, हिला काहीतरी चांगलं द्यावं, आणि माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती. मी तिला सांगितलं की ज्यांच्याकडे तिचा प्रबंध चुकून गेला ते प्राणिशास्त्रातले मोठे जाणकार होते, त्यांनी तो दोनदा वाचला, आणि त्यांच्या असं लक्षात आलं की म्हाताऱ्या बायकांच्या गाण्यांत गिधाडं आहेत आणि तरुण बायकांच्या गाण्यांत नाहीत. यावर तुम्ही पुढे काहीतरी लिहा, मी म्हणाले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यावर माझं आख्खं एक प्रकरण होतं. चाळीस पानं. गाइडनी काढायला लावलं. हा आपल्या विभागाचा विषय नाही, म्हणाले, परीक्षक विचारतील की हे इथे कशाला."

तरीही मी बोलले. तुमचं शेवटचं प्रकरण फार सुंदर आहे, मी म्हणाले, ते म्हशीचं गाणं वाचून मी रडले होते.

तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. समजावून सांगितल्यासारखं ती म्हणाली, "मॅडमजी, तुम्ही वाचायचं नव्हतं. तुम्ही पाठवायचं होतं."

"हो," मी म्हणाले.

मी रजिस्टर पुढे केलं, तिने सही केली. मी तिच्या नावाचं पाकीट काढून खिडकीतून दिलं. लोक पाकीट घेतात आणि जातात. ती गेली नाही. मागची रांग थांबवून तिने ते तिथेच उघडलं, आतला कागद बाहेर काढला, तो आपलाच आहे ना हे वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, आणि मग गेली.